दाखवायचा पट्टा

तुम्ही मला पाहिलं असेल. म्हणजे, मोबाइलमधून मान वर काढली असेल तर. विमान सुटायच्या आधी पुढच्या बाजूला एक मुलगी उभी राहते, हातात एक आखूड पट्टा धरते, त्याची धातूची जीभ बकलात सारते, खट्ट आवाज होतो, मग ती पट्टा ओढून दाखवते आणि झाकण उचलून सोडवते. तो पट्टा मीच.

माझ्या एका टोकाला बकल, दुसऱ्या टोकाला जीभ आणि मधे हातभर पट्टी. खुर्चीला मी कुठेच जोडलेला नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असं तुम्ही म्हणता ना? मी त्यातला दाखवायचा. आयुष्यभर हजारो माणसांना सांगितलं की असं बांधून घ्या, आणि स्वतः मात्र कुणाला बांधलं नाही. एकदाच बांधलं, तेही थोडाच वेळ. ती गोष्ट तुम्हाला सांगायचीच आहे, पण जरा दमानं. म्हाताऱ्याला मधेच तोडलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

माझा जन्म पट्ट्यांच्या कारखान्यात झाला. एका मोठ्या रिळावरून आम्ही सगळे भाऊ कापले गेलो. रंग एक, वीण एक, बकलंही एकाच पेटीतली. शिवून झालं की प्रत्येकाला एका यंत्रावर चढवायचे आणि दोन्ही टोकांनी असा काही ताणायचे की बघणाऱ्याने दात आवळावेत. टिकला की त्याच्यावर शिक्का. शिक्का बसला की तो खुर्चीला लागणार, माणसं धरणार.

माझी पाळी आली तेव्हा शिवणारा म्हणाला, "हा राहू दे. हा दाखवायच्या पिशवीतला आहे. ह्याला कुठे कुणाला धरायचंय?" आणि मला त्याने बाजूच्या टोपलीत टाकलं. शाळेत परीक्षेच्या दिवशी एखाद्याला सांगावं, तू नाही बसलास तरी चालेल, तसं झालं ते. पास नाही, नापास नाही. पाठीवर तेवढी एक चिठ्ठी शिवली, 'फक्त दाखवण्यासाठी'.

मग मी एका मोठ्या विमान कंपनीत गेलो. काय दिवस होते ते! विमानात शिरलं की गोळ्यांचा ट्रे फिरायचा. गरम पाण्यात भिजवलेले छोटे टॉवेल यायचे, तोंड पुसायला. जेवण चिनी मातीच्या ताटलीत, चमचे खरे जड. कुणी नुसतं "जरा गार वाटतंय" म्हटलं की पांघरूण हजर. मी एका निळ्या पिशवीत राहायचो. शेजारी ऑक्सिजनचा मुखवटा, ज्याच्या नळीतून कधी ऑक्सिजन आला नाही, आणि पिवळं जीवरक्षक जाकीट, ज्याने कधी पाणी पाहिलं नाही. आम्ही तिघंही एकाच माळेचे मणी. रात्रंदिवस एकमेकांची चेष्टा करायचो.

तिथेच मला ताई भेटली. तेव्हा ती ताई नव्हती, नुकती लागलेली कोवळी पोरगी होती. पहिल्याच दिवशी तिने मला उलटा धरला. बकल तळहाताकडे, आणि झाकण सापडेना. पहिल्या रांगेतला एक सूटवाला हसला. ती लाल झाली, पण थांबली नाही. मला सरळ केलं आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. घरी जाऊन तिने आईच्या ओढणीवर सराव केला, असं ती दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सांगत होती.

त्यानंतर तिचं कधी चुकलं नाही. तिची एक रीत होती. खट्ट आवाज झाला की ती लगेच सोडवायची नाही. मला तसंच बांधलेलं धरून सगळ्या रांगांकडे बघायची, आणि निदान एका माणसाशी नजरानजर होईपर्यंत थांबायची. बाकीच्या मुली वैतागायच्या. "अगं, आटप की! कुणी बघत नाहीये."

"कुणीतरी बघेल," ती म्हणायची.

आणि बघायचं कुणीतरी. बहुतेक वेळा एखादं पोर, आईच्या मांडीवरून.

बाहेरचे लोक तिला हवाई सुंदरी म्हणायचे. तिला तो शब्द अजिबात आवडायचा नाही. "सुंदरी-बिंदरी घरी," ती म्हणायची. "विमानाला आग लागली तर तुम्हाला बाहेर काढायला मी आहे. चहा आपला जाता जाता."

पुढे त्या मोठ्या कंपनीचं दिवाळं वाजलं. कसं वाजलं ते मला विचारू नका, पिशवीत पडलेल्याला काय कळणार? एवढं आठवतं की विमान किती तरी दिवस उन्हात उभं होतं आणि आत चिटपाखरू नव्हतं. मुखवटा म्हणाला, "संपलं आपलं." जाकीट तर रडकुंडीलाच आलं. मग एक दिवस दार उघडलं, माणसं आली, खुर्च्या उपटल्या आणि जास्त खुर्च्या बसवल्या, गुडघ्याला गुडघा लागेल अशा. बाहेरून नवा भडक रंग दिला. विमान स्वस्त तिकिटांच्या कंपनीने घेतलं होतं, आणि त्याच्याबरोबर आम्हालाही. घरासोबत पाटा-वरवंटा मिळतो तसे आम्ही मिळालो.

पहिल्याच दिवशी पिशवीची चेन उघडली आणि वर बघतो तर काय, ताई! नवा गणवेश, केसात दोन-चार पांढरे, पण तीच. तिने मला उचललं, पाठीवरची चिठ्ठी बघितली आणि म्हणाली, "अरे, तू पण इथेच का?" मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं.

नव्या संसारात सगळंच काटकसरीचं. गोळ्या गेल्या, टॉवेल गेले, पांघरूण गेलं. खुर्ची मागे कलायची बंद झाली. पाण्याची बाटलीसुद्धा विकत. प्रवासी उतरले की ह्याच मुली हातात पिशव्या घेऊन रांगारांगांतला कचरा उचलायच्या, आणि शेवटचा कागद उचलेपर्यंत पुढचे प्रवासी जिन्यावर हजर. विमान जमिनीवर उभं राहिलं की कंपनीच्या पोटात गोळा यायचा. सगळं धावतपळत, दम घ्यायला वेळ नाही.

ताई कुरकुरायची, पण तिने एक रेघ ओढून ठेवली होती. नव्या मुलींना ती सांगायची, "चहा विकत झाला, झोप विकत झाली, पाय पसरायची जागा विकत झाली. पट्टा अजून फुकट आहे. तिकीट स्वस्त केलंय कंपनीने. माणूस नाही स्वस्त केला."

आणि खरं सांगू? मला ती माणसं आवडायला लागली. मोठ्या कंपनीतले साहेबलोक माझ्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. त्यांना सगळं माहीत. इथे यायची ती जन्मात पहिल्यांदा विमानात बसलेली माणसं. कपड्यांची घडी मोडू नये म्हणून ताठ बसलेली. ती माझ्याकडे डोळे फाडून बघायची. एक आजोबा तर ताईबरोबर हातवारे करत होते. तिने खट्ट केलं की त्यांनी खट्ट केलं, तिने सोडवला की त्यांनी सोडवला. शेवटी मोठ्यांदा म्हणाले, "समजलं हो पोरी. आता बस खाली, दमलीस." सगळं विमान हसलं, आणि ताई तर दिवसभर हसत होती.

आता त्या दिवसाची गोष्ट.

आमच्या विमानात जोडपट्टे असायचे. एखाद्या प्रवाशाच्या पोटाला खुर्चीचा पट्टा पुरला नाही की हा मधे जोडायचा. दिसायला अगदी माझ्यासारखाच, फक्त तो परीक्षा पास झालेला. पूर्वी असे चार होते. मग एक प्रवासी घाईत तो तसाच कमरेला लावून घरी गेला, दुसरा साफसफाईत कुठेतरी गडप झाला. उरले दोन. ताईने दोनदा मागणी केली. दोनदा उत्तर आलं, पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ म्हणजे काय ते तुम्हालाही माहीत आहे.

त्या सकाळी दोन धिप्पाड भाऊ चढले, कुठल्याशा लग्नाला निघालेले. दोघांना दोन जोडपट्टे गेले. दोघंही मजेत होते, "आमचं खातं मोठं आहे" म्हणून स्वतःच हसत होते.

आणि मधल्या रांगेत, खिडकीशी, एका शाळेच्या मुख्याध्यापिका येऊन बसल्या. चांगल्या अंगाने भरलेल्या, चष्मा साखळीला लावलेला, आवाज असा की दोन वर्ग एकदम गप्प व्हावेत. पण त्या दिवशी आवाज नव्हता. मुलीला वेळेच्या आधीच दवाखान्यात नेलं होतं. पहिलंच बाळंतपण, जावई परदेशी. आई पोचेपर्यंत मुलगी तिथे एकटी. बाईंनी मिळालं ते तिकीट काढलं होतं आणि हातातला फोन एकसारखा उलटसुलट करत होत्या.

पट्ट्याची दोन टोकं त्यांनी जवळ ओढून पाहिली. जुळेनात. श्वास आत घेऊन पुन्हा पाहिलं. नाहीच. मग त्यांनी काय करावं? जन्मभर पोरांच्या बाकाखालच्या चोऱ्या पकडणाऱ्या बाई. त्यांनी दोन्ही टोकं मांडीवर घेतली आणि वर आपली पर्स ठेवली. आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. मागायची लाज वाटली त्यांना. सगळ्या विमानासमोर कोण म्हणणार, मला पुरत नाही?

आमच्याकडे तेव्हा एक नवी मुलगी लागली होती. सारखी चिवचिव करायची म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. मनाची फार मायाळू. पट्टे बघत बघत ती बाईंच्या रांगेशी आली, पर्स बघितली आणि काय ते समजली. खाली वाकून हळूच विचारलं, "बाई, लांबवायचा आणून देऊ?"

बाईंनी मानेनेच हो म्हटलं, आणि मुलगी दवाखान्यात एकटी आहे एवढं पुटपुटल्या.

चिमणी मागे गेली. जोडपट्ट्यांचा खण रिकामा. पुढे ताई दाराशी कागदांवर सह्या करत होती, घाई चाललेली. चिमणीची नजर निळ्या पिशवीकडे गेली. तिने चेन उघडली, मला उचललं, एकदा बकल लावून बघितलं, खट्ट. "हा पण तोच आहे की," ती स्वतःशीच पुटपुटली, आणि मला ओढणीच्या आड धरावं तसं मुठीत लपवून घेऊन गेली, म्हणजे बाईंना चारचौघांत ओशाळं वाटायला नको.

पाठीवरची माझी चिठ्ठी? ती कधीच झिजून गेली होती. इतक्या वर्षांत इतके हात लागले होते.

तिने माझी जीभ खुर्चीच्या बकलात घातली, खुर्चीची जीभ माझ्या बकलात. खट्ट, खट्ट. आणि तुम्हाला काय सांगू! मी पहिल्यांदा कुणाच्या तरी पोटावर टेकलो. ऊबदार होतं ते पोट, आणि श्वासागणिक वरखाली होत होतं. बाईंचा एक हात माझ्यावर आला, आणि त्यांनी मला घट्ट धरलं. भीतीने धरलं असेल, पण धरलं. मला वाटलं, आता काही नको. जन्माला आल्याचं सार्थक झालं. कारखान्यातल्या त्या टोपलीतल्या दिवसापासून मी जे मागत होतो ते मिळालं.

दार बंद झालं. जिना निघून गेला. ताईने निळी पिशवी उघडली. मुखवटा होता, जाकीट होतं. मी नव्हतो.

"पट्टा कुठाय?"

चिमणीने खालच्या आवाजात सांगितलं. ताईचा चेहरा बदलला. ती ओरडली नाही. ती कधीच ओरडायची नाही, तेच जास्त वाईट असायचं.

"अगं, तो दाखवायचा आहे."

"पण ताई, लागतोय की तो. खट्ट वाजलं. मी ओढून बघितलं."

"हाताने ओढून बघितलंस ना? विमान एकदम खाली आपटलं तर हाताएवढाच जोर येणारे का त्याच्यावर?"

"मग काय करायचं? उतरवायचं त्यांना? त्यांची मुलगी दवाखान्यात एकटी आहे हो."

ताईने बाईंच्या रांगेकडे बघितलं. मला रांगेतून तिचा चेहरा दिसत होता. मी मनात म्हणत होतो, राहू दे गं. इतकी वर्षं मी तुझ्या हातात राहिलो, कधी धोका दिला नाही. एवढं एकदा राहू दे.

तिला तर दुसरीही काळजी होती. त्या महिन्यात आमचं विमान दोनदा उशिरा सुटलं होतं, आणि दोन्ही वेळा बोलणी तिने खाल्ली होती. ती आता विमानातल्या मुलींची प्रमुख होती; आणखी एकदा झालं तर तिला प्रमुखपदावरून काढणार, असं तोंडावर सांगितलं होतं. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं.

तिने भिंतीवरचा फोन उचलला आणि कॅप्टनना सांगितलं. कॅप्टन काही वाईट माणूस नव्हते, पण वेळ त्यांच्याही मानगुटीवर बसलेली.

"अहो, पण धरेल ना तो पट्टा?"

"माहीत नाही, साहेब."

"माहीत नाही म्हणजे? इतकी वर्षं काम करताय."

"म्हणूनच सांगतेय, साहेब. शेजारी आपलंच विमान उभं आहे. त्यातला मागवू या. जिना परत लावायला लागेल."

"बरं," कॅप्टन म्हणाले. "उशिराचं कारण तुमच्या नावावर जाईल."

"जाऊ दे."

जिना परत आला, पट्टा परत आला, पण उड्डाणाच्या रांगेतला आमचा नंबर गेला. मग बसा वाट बघत. प्रवासी भडकले. "स्वस्तातलं घेतलं की असं!" एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "एका पट्ट्यासाठी?" आणि मान वळवून बाईंकडे बघितलं. मग सगळेच बघायला लागले. ज्या लाजेपायी बाईंनी पर्स मांडीवर घेतली होती, ती लाज सगळ्या विमानात पसरली.

ताई स्वतः आली, बाईंच्या शेजारी गुडघ्यावर बसली. "बाई, हा बदलते. हा खरा आहे." तिने झाकण उचललं आणि मी सुटलो.

बाई म्हणाल्या, "माझ्यामुळे थांबवलंत?" आवाज वर्गातला होता, पण खालून तडा गेलेला. "मला वेळ नाही हो. मला खरंच वेळ नाहीये."

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाली.

मग ती पुढे गेली आणि मला हातात घेऊन उभी राहिली. घोषणा सुरू झाली. खट्ट. ती थांबली, नेहमीसारखी, नजरानजर होईपर्यंत. त्या दिवशी सगळे तिच्याकडेच बघत होते, पण रागाने. मी तिच्या हातात लोंबत होतो आणि मीही तिच्यावर रुसलो होतो.

आणि वाटेत काय झालं म्हणता? काही नाही. आभाळ स्वच्छ होतं. विमान लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. पेल्यातलं पाणीसुद्धा हिंदकळलं नाही. उतरल्यावर बाईंनी फोन चालू केला आणि तिथेच, वाटेत उभ्या राहिल्या. मुलगी झाली होती. आई आणि बाळ दोघीही सुखरूप. वेळ विचारली त्यांनी. विमान जमिनीवर रांगेत उभं होतं, तेव्हा बाळ जगात आलं होतं.

दाराशी ताई हात जोडून उभी होती. बाई तिच्या समोरून गेल्या. तिच्याकडे बघितलं नाही.

ताईचं प्रमुखपद गेलं. तिच्यापेक्षा कितीतरी लहान मुलीच्या हाताखाली तिने मागच्या बाजूला काम केलं, कचऱ्याच्या पिशव्या धरल्या. महिन्याभरात प्रत्येक विमानात गुपचूप नवे जोडपट्टे आले. कुणी तिला म्हटलं नाही की हे तुझ्यामुळे झालं. पुढे यथावकाश पद परत मिळालं, पण मिळालं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर फारसं काही दिसलं नाही. चिमणी त्या दिवसांत रोज तिची माफी मागायची. ताई म्हणायची, "तू मायेनं केलंस गं. मायेचंच तर भय असतं आपल्या कामात. वाईट हेतूनं केलेली चूक पटकन ओळखता येते, मायेनं केलेली येत नाही."

चिमणी हो म्हणायची. पण तिच्या मनात एक शंका राहिली होती. मला कसं कळलं? कारण तीच शंका माझ्याही मनात होती. टिकलो असतो मी, असं मला वाटायचं. पुष्कळ रात्री हे सांगून सांगून मी मुखवट्याला जेरीस आणलं.

किती तरी वर्षांनी एका सकाळी प्रवासी चढत होते, आणि दारातूनच आवाज आला. दोन वर्ग गप्प बसवणारा आवाज. "मुली, मला लांब पट्टा लागेल हं! आत्ताच देऊन ठेव, मग धावपळ नको!" अख्ख्या विमानाने ऐकलं. बाई होत्या. केस पिकलेले, शरीर तसंच भरलेलं, आणि बोट धरून एक फ्रॉकवाली नात.

ताई पट्टा घेऊन गेली. बाईंनी चष्मा लावून तिला निरखलं. ओळखलं त्यांनी. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या दिवशी मी फार चिडले होते."

"चिडायलाच हवं होतं, बाई."

"अजूनही थोडी आहे," बाई म्हणाल्या, आणि दोघीही हसल्या. नातीने विचारलं, "आजी, कशाला चिडलीस?" तर आजी म्हणाली, "तू घाई केलीस म्हणून. गप्प बस आणि त्या काय दाखवतायत ते बघ." त्या दिवशी खट्ट झाल्यावर ताईला थांबावं लागलं नाही. ती पोर आधीपासूनच माझ्याकडे टक लावून बसली होती.

ताई निवृत्त झाली. चिमणी प्रमुख झाली, आता तिला कुणी चिमणी म्हणत नाही, ताईच म्हणतात. आणि मग आमचीही वेळ आली. नव्या पिशव्या आल्या, झळझळीत केशरी पट्ट्यांच्या, लांबूनही कळावं की हा दाखवायचा. जुनं सामान मोडीत काढायला एका पेटीत भरलं. मुखवटा आणि जाकीट माझ्या आधी गेले. निरोपसुद्धा धड झाला नाही.

मला मात्र चिमणीने पेटीतून उचललं आणि पट्ट्यांच्या कारखान्यात नेलं, जिथे खुर्च्यांचे पट्टे काढून तपासतात. तिथे मिस्त्रीकाका होते. "काका, एक काम कराल? ह्याला यंत्रावर चढवून ताणून बघाल?"

"ह्याला? हा तर भंगारात चाललाय."

"तरी बघा. मला बघायचंय."

मी यंत्र ओळखलं. तेच, लहानपणी भावांना चढवलं होतं तसलं. अहो, मला केवढा आनंद झाला! इतक्या वर्षांनी का होईना, परीक्षेला बसवत होते. दोन्ही टोकं पकडीत आवळली. काकांनी बटण दाबलं. मी ताणला गेलो. मी मनात म्हटलं, धर. बाईंसाठी धर. ताईला दाखव. काटा सरकत गेला. मी धरलं, खरंच धरलं, सगळा जीव एकवटून धरलं.

आणि काटा खुणेच्या निम्म्यावरही गेला नव्हता, तेव्हा बकलापाशी, जिथे हजारो वेळा माझी घडी पडली होती, तिथली शिवण टर्रकन उसवली. मी दोन तुकडे होऊन पडलो.

चिमणीने वाकून उसवलेली शिवण नीट बघितली. मग तिने फोन काढला आणि ताईला लावला. काकांनाही ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर टाकला.

"ताई, तो पट्टा ताणून बघितला. निम्म्यातच तुटला." "तुम्हाला कसं कळलं होतं हो?"

पलीकडे भांडी घासत असावी ताई, नळाचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"मला कुठे कळलं होतं गं?" ताई म्हणाली. "मला वाटलं होतं, टिकेल. मनापासून वाटलं होतं. पण वाटण्यावर कुणाची आई बसवायची का?"

मी जमिनीवर पडल्या पडल्या ते ऐकलं. इतक्या वर्षांचा माझा रुसवा तिथेच गेला. ज्या पोटाची ऊब मला जन्मभर आठवत राहिली, त्या पोटाला मी सोडलं असतं. मला न वापरणारी ताई, त्या साऱ्या विमानात माझी अब्रू राखणारी एकटीच होती.

आता मी नव्या मुलींना शिकवतात त्या खोलीत आहे. चिमणीने माझे दोन्ही तुकडे टेबलाच्या खणात ठेवलेत. नवी तुकडी आली की ती आधी मला बाहेर काढते, बकल लावून खट्ट वाजवून दाखवते. ते अजून छान वाजतं. मग ती मला पलटते आणि उसवलेली शिवण सगळ्यांच्या हातात देते. मुली तिच्यावरून बोट फिरवतात. म्हणजे शेवटपर्यंत मी दाखवायचाच राहिलो बघा. पण आता मला त्याची खंत नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुढच्या वेळी विमानात बसाल, कितीही स्वस्त तिकीट काढून का असेना, तेव्हा ती मुलगी उभी राहिली की क्षणभर मान वर करा. तिच्या हातातला माझा नातेवाईक तुम्हाला धरणार नाही, ते त्याचं काम नाही. तुमच्या मांडीवरचा धरेल. आणि तो पुरत नसला, तर लाजू नका. पर्स बाजूला करा आणि चांगल्या खणखणीत आवाजात मागून घ्या.